पाच पुरुषांचे रोट

सोनखेडी, ता. शिंदखेडा
२२ जून २०२५

चि. हेमांगीस,
अक्काचा आशीर्वाद.

तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. आपल्या गावात रेंज मिळते ती फक्त घराच्या छतावर, धाब्यावर, पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथेही ओरडून बोलावं लागतं. आता तूच सांग, धाब्यावर उभी राहून मी काय ओरडू? चार दिवस झाले, पोट साफ नाही, असं? संध्याकाळच्या आत भाऊबंदांतले जीवराम काका एरंडेलाची बाटली घेऊन दारात उभे राहिले असते. म्हणून हे पत्र. पोटातल्या गोष्टी पाकिटातच बऱ्या.

मे महिन्यात तू मला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस, तेव्हा मी पायाच्या बोटाची जखम दाखवायला आले होते. परतताना हातात पोटाला टोचायचं पेन. जखम पायाला आणि सुई पोटाला, हा कुठला न्याय, असं मी तुला स्टँडवर म्हणालेही. पण बाईंचं एक बोलणं डोक्यात पक्कं बसलंय. साखर खाली आली नाही तर बोट काढावं लागेल. झुलाल मामांचं आधी बोट गेलं, मग पाऊल, आणि आता ते खाटेवर बसून आल्यागेल्याला किती वाजले विचारतात. मला तसं बसायचं नाही. म्हणून दर शुक्रवारी मी धान्याच्या खोलीत जाते, दार लोटते आणि टोचून घेते. तुझ्या जेठांशिवाय, म्हणजे आमच्या ह्यांच्याशिवाय, हे कुणाला ठाऊक नाही. गावात सगळे याला सिनेमातल्या बायांचं बारीक व्हायचं इंजेक्शन म्हणतात. साठीला टेकलेली प्रमिलाबाई बारीक व्हायला निघाली, ही चर्चा ऐकायला मला वेळ नाही.

आता तक्रार. दोन घास खाल्ले की पोट म्हणतं पुरे. शनिवारी आणि रविवारी मळमळ जास्त. ढेकर असे येतात की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघते. परवा शेवभाजीची तर्री बघून मी तोंड फिरवलं, तर तुझे जेठ घाबरून डॉक्टर बोलवायला निघाले. हे असंच चालायचं का, ते विचारून लिही. औषध सोडा असं मात्र लिहू नकोस. ते मी सोडणार नाही.

तुझी
अक्का


जळगाव
२८ जून २०२५

ती. अक्कांस,
हेमांगीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र घेऊनच मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि वाचून दाखवलं. म्हशीपाशी त्या इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले. मग म्हणाल्या, बाई खंबीर आहे, हिचं औषध टिकेल.

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगते. या औषधानं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. सकाळची भाकरी दुपारीही पोटात बसलेली असते, आणि आपण तिच्या डोक्यावर दुसरी भाकरी ठेवतो. मग मळमळ होणार नाही तर काय होणार? तेव्हा ताट बाजूला ठेवा आणि नाश्त्याची बशी घ्या. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. तेल-तर्री आणि भजी काही दिवस विसरा. पाणी एकदम तांब्याभर नको, घोट घोट दिवसभर प्या. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पोट साफ होण्यासाठी ताक, पपई आणि ओसरीवर फेऱ्या, पण चप्पल घालून, बोट जपून. तेवढ्यानं जमलं नाही तर सोबत चिठ्ठी पाठवतेय, त्यातली पावडर दोंडाईच्याला मिळेल. एरंडेल नको, काकांना सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं हे की पोट पुरे म्हणालं की तिथेच थांबायचं. बशीत एक घास उरला तरी. तुम्हाला हे जड जाणार, मला माहीत आहे. माझ्या लग्नानंतर तुम्ही मला पहिल्यांदा ओरडलात ते मी ताटात भात टाकला म्हणून.

पोटात जोराची कळ येऊन पाठीत गेली, किंवा उलट्या थांबेनात, पाणीही ठरेना, तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. खाणं कमी झालंय म्हणून साखरेची जुनी गोळी बाईंनी अर्धी केलीय. हातपाय थरथरले, घाम सुटला तर साखर तोंडात टाका.

आणखी एक. तुमचे जुने रिपोर्ट चाळून बाईंनी विचारलं की दरवर्षी श्रावणानंतर यांची साखर एवढी का चढते. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

तुमची
हेमांगी


सोनखेडी
१२ जुलै २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

तुझी डॉक्टरीण शहाणी आहे. बशीनं काम केलं. पहिल्या दिवशी ती बशी बघून मला वाटलं, हे तर मांजरीचं जेवण. पण आता पोटाचं आणि माझं जमलंय. सकाळी ज्वारीची अर्धी भाकरी नि मुगाची डाळ, मधे ताक, दुपारी खिचडीची वाटी. शनिवारी फक्त पातळ पातळ. ढेकर आला की हात धुते. म्हैससुद्धा आता माझ्याकडे बघत नाही.

खरी लढाई पोटाशी नाही गं, आग्रहाशी आहे. दोंडाईच्याला शेजारच्या दिपमालाच्या बहिणीचा साखरपुडा होता. वाढणारी मंडळी हातात जिलबी घेऊन माझ्यासमोरून हलेनात. इंजेक्शनचं सांगायचं नाही, मग काय सांगणार? म्हटलं, उपास आहे. गुरुवारी दत्ताचा सांगितला, मंगळवारी देवीचा, आणि बुधवारी काही सुचेना तेव्हा मुक्ताबाईचा नवस सांगितला. महिन्याभरात मी इतके उपास धरलेत की परवा गावातल्या एका सुनेनं माझ्या पाया पडून पोराला आशीर्वाद मागितला. खोटं बोलून पुण्य मिळवणारी या तालुक्यात मीच पहिली असेन.

साखर तपासली. उपाशीपोटीची दोनशे दहा होती, ती दीडशेवर आली. बोटाची जखम कडेनं सुकायला लागलीय. मी जिंकतेय, हेमांगी. पंचवीस तारखेपासून पुढचा डोस आहे ते माझ्या लक्षात आहे.

तीन ऑगस्टला रविवारी घरात कानबाई देवी बसणार. या वर्षी तरी या. तुम्ही येऊन चार वर्षं झाली.

अक्का


जळगाव
२२ जुलै २०२५

ती. अक्कांस,
सा. नमस्कार.

साखरेचा आकडा वाचून मी पतपेढीत टाळ्या वाजवल्या. खिडकीसमोरच्या माणसाला वाटलं, त्याचं कर्ज मंजूर झालं.

कानबाईला येणं याही वर्षी जमत नाही, अक्का. यांची कारखान्यात दुसरी पाळी आहे, हर्षालीची चाचणी सोमवारपासून आणि भावेशचा क्लास. सोमवारी लगेच परतायचं म्हणजे नुसती धावपळ होईल. आमच्या नावाचं तेवढं तुम्ही करा, दरवर्षी करता तसं. देवी समजून घेईल.

डोस वाढला की पहिले दोन आठवडे पोट पुन्हा कुरकुरेल, असं बाई म्हणाल्या. नेमके त्याच दिवसांत पुरणपोळ्या आणि खीर. चवीपुरतं खा, एका पोळीच्या पुढे जाऊ नका. तुमच्याकडे भाऊबंदांची गर्दी असेल, तुम्ही किती खाल्लंत ते कोण बघतंय?

तुमची
हेमांगी


सोनखेडी
२९ जुलै २०२५, नागपंचमी

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय. कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, रोटांचे गहू निवडून दळून आणले. चाळायचं नाही म्हणून पिठाचा डबा तसाच झाकून धान्याच्या खोलीत ठेवलाय. आपल्या घरचे पाच पुरुष, माणशी पाच मुठी. तुझे जेठ, तुझा नवरा, भावेश, माझा चंदन आणि चंदनचा लहानगा. कुणी येवो न येवो, घरातल्या पुरुषाची मूठ घालावीच लागते. चंदनलाही सुरतेहून सुट्टी नाही म्हणे. असू दे.

गर्दीचं म्हणशील तर ती आता जीवराम काकांच्या ओट्यावर. त्यांचे रोट वेगळे, आपले वेगळे. तू लग्न होऊन आलीस तेव्हाची पंगत तुझ्या डोळ्यासमोर असेल.

पोट थोडं कुरकुरतंय, पण त्याला वळण कसं लावायचं ते मला आता कळलंय. काळजी करू नकोस.

अक्का


सोनखेडी
६ ऑगस्ट २०२५

चि. हेमांगीस,
तोतारामचा आशीर्वाद.

जळगावला फोन करायचा नाही असं तुझ्या अक्कानं मला बजावलं आहे. पत्राबद्दल ती काही बोलली नाही, म्हणून लिहितो. दिपमाला सकाळच्या गाडीनं जळगावला कॉलेजात जाते, तिच्या हाती देतो आहे.

रविवारी कानबाई नीट बसली. सोमवारी नदीवर पोचवून आलो. पण रोटांचं पीठ उरलं होतं. तुला माहीत आहे की रोट आपल्या कुळाबाहेर कुणाला चालत नाहीत, भाऊबंदांचे त्यांचे वेगळे, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. रोज थोडं पीठ मळून पोळ्या करायच्या आणि संपवायच्या. पाच पुरुषांचं पीठ आणि खाणारे आम्ही दोघं. माझे दात गेले, दोन पोळ्यांत मी थकतो. बाकीचं ती खाते. गेली चार वर्षं तीच खाते आहे. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

या वेळीही तिनं तसंच केलं. सोमवारी खाल्लं, मंगळवारी पुन्हा बसली. दुपारी उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात, पाणीही ठरेना. तुझी आधीची सूचना तिनं मला वाचून दाखवली होती, म्हणून लगेच दोंडाईच्याला नेली. सलाइन लावली. स्वादुपिंडाची तपासणीही केली, ती ठीक आहे. आज दुपारी घरी आणली. जिवाला आता धोका नाही.

पण मन फार खचलं आहे. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मला एवढंच म्हणाली, ‘कानबाईले मना रोट चालना नही.’ ज्या खोलीत देवीचं पीठ ठेवलं, त्याच खोलीत आपण सुई टोचून घेतली, म्हणून देवी कोपली, असं तिनं धरलं आहे. आता सुईला हात लावणार नाही म्हणते. आणि बरं वाटलं की पौर्णिमेच्या आत उरलेलं पीठही एकटीनं संपवणार म्हणते. डबा अजून अर्धा आहे. ती सुई सोडेल आणि तिचं बोट जाईल, याची मला भीती वाटते. मला तिला समजावता येत नाही. तुझं ती ऐकते.

तोताराम


जळगाव
७ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांस,
सा. नमस्कार.

आबांवर चिडू नका. त्यांनी पत्र लिहिलं, फोन केलेला नाही.

मी आज सकाळी पत्र वाचलं आणि रडले. मग राग आला, तुमचाही आणि आमचाही. श्रावणात तुमची साखर का चढते ते बाईंनी मला जूनमध्ये विचारलं होतं. तुम्हाला उत्तर माहीत होतं आणि तुम्ही मला उपासांच्या गमती लिहून पाठवल्यात. माझ्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या वाट्याचं पुरण तुमच्या रक्तात जातंय, हे मला कळायला तुम्हाला सलाइन लागावी लागली.

देवीचं म्हणता, तर ऐका. कानबाई वर्षातून एकदा आपल्या घरी पाहुणी येते, एक रात्र राहते आणि जाते. घरच्या बाईनं ओकेपर्यंत खावं, असं कुठली पाहुणी म्हणेल? तुम्ही रोट ओकलात ते देवीनं नाकारले म्हणून नाही. डोस नुकताच वाढलेला, पोट आधीच भरलेलं, आणि त्यावर तुम्ही चार माणसांचं जेवण रचलंत. तिथे कुणाचंही पोट उलटलं असतं.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. या शुक्रवारी सुई घ्यायची नाही, पोटाला विसावा द्यायचा. पुढच्या शुक्रवारपासून आधीचा, कमी डोस. मग पुढचं पुढे. त्या म्हणाल्या की चूक औषधाची नाही, आणि बोट वाचवायचं असेल तर थांबू नका.

पिठाला हात लावू नका. ज्यांच्या नावाच्या मुठी आहेत त्यांना मी पाठवतेय. यांना पाळी बदलायला लावली, भावेशचा क्लास बुडेल तर बुडू दे. चंदनलाही फोन केला. त्याला सुट्टी नाही म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्या वाट्याचं खाऊन तुझी आई दवाखान्यात होती, आता तूच ठरव. तो गाडीत बसलाय. मी हर्षालीच्या चाचणीसाठी थांबतेय. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे पोचतील. तोवर फक्त साखर-मिठाचं पाणी, मग पेज.

तुमची
हेमांगी


सोनखेडी
१६ ऑगस्ट २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

आठवडाभर लिहिलं नाही. आधी अंगात ताकद नव्हती आणि मग घरात इतकी माणसं होती की लिहायला कोपरा नव्हता.

तुझं पत्र दिपमालानं आणून दिलं तेव्हा मी चिडले होते. ही काल आलेली मुलगी मला शिकवते, असं मनात आलं. मग पाहुणीचं वाक्य पुन्हा वाचलं. रात्री पुन्हा वाचलं. मी चाळीस वर्षं कानबाईचं करतेय, हेमांगी. पाट मांडते, ओटी भरते, डोक्यावर घेऊन नदीवर जाते. ती माझ्यावर कोपेल, हे मी दोन दिवसांत कसं मानलं, याचं आता मलाच नवल वाटतं. उलटी झाली की माणूस फार लहान होतं गं. त्या खाटेवर मला फार भीती वाटली. देवीचीही आणि बोटाचीही.

शुक्रवारी आधी तुझा नवरा किरण आणि भावेश आले, मग चंदन, सूनबाई डिंपल आणि लहानगा. डिंपलनं मला चुलीपाशी येऊच दिलं नाही. मी खाटेवर बसून हुकूम सोडत होते, ती पोळ्या लाटत होती. पंगत बसली. भावेशनं पाच पोळ्या अशा उडवल्या की मला माझा दीर लग्नाआधीचा आठवला. पण तो दीर आता कुठे राहिलाय? तिसऱ्या पोळीला तुझ्या नवऱ्याला घाम फुटला. चौथी वाढली तर ताटावर हात धरून बसला आणि खाली बघतच म्हणाला, ‘वहिनी, दरवर्षी हे तुम्ही एकट्यानं खात होत्या?’

मी त्याचा हात बाजूला करून चौथी वाढली. खाल्ली त्यानं. चंदननंही खाल्ल्या. माझा मुलगा जेवताना रडला, हे त्यानं बायको आणल्यापासून मी पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात जीवराम काका आले. आपल्यात रोटांच्या पंगतीचा शेवटचा घास घरच्या बाईनं खायचा असतो, ते त्यांना बघायचं होतं. माझ्या बशीत पोळीचा एवढासा तुकडा होता, तो मी खाल्ला आणि हात धुतला. काका म्हणाले, ताटलीत अजून दोन पोळ्या आहेत, बाई, देवीचं उरवू नये. तेव्हा मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ‘काका, मना घास मी खाई लिधा. आते जेना वाटा, तो खाई.’

मग मी आत जाऊन फ्रिजमधून पेन आणलं आणि काकांच्या हातात दिलं. म्हटलं, हे माझं साखरेचं औषध. हे घेतलं की पोट लहान होतं, म्हणून मी कमी खाते. माझे सगळे उपास खोटे होते. एकदा बोलायला लागले ती थांबलेच नाही. मळमळ, ढेकर, पोट साफ न होणं, दोंडाईच्याची सलाइन, सगळं सांगितलं. सुनेच्या देखत आणि दिराच्या देखत. वाटलं होतं, लाज वाटेल. भूक मात्र लागली, किती तरी दिवसांनी. काकांनी पेन उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच विचारलं, पायांना मुंग्या येतात त्यावर चालतं का हे. मी म्हटलं, ते डॉक्टरीण ठरवेल, माझं पेन मागू नका. त्यांना तुझा पत्ता दिलाय. येतील, तर चहा बिनसाखरेचा दे.

उरलेल्या दोन पोळ्या तुझ्या नवऱ्यानं आणि चंदननं वाटून घेतल्या. शनिवारी चंद्र उगवायच्या आत डबा रिकामा झाला. पुसून पालथा घातला.

काल झेंड्याच्या दिवशी शुक्रवार होता. कमी डोस घेतला, तू लिहिलं होतंस तसा. धान्याच्या खोलीत गेले नाही. ओसरीवर उजेडात बसून टोचून घेतलं, समोर चार जणी डाळ निवडत होत्या. एकीनं विचारलं, दुखतं का. म्हटलं, जिलबी नको म्हणण्यापेक्षा कमी दुखतं. बोटावर नवी कातडी धरलीय. पुढच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन जळगावला येते, तेव्हा डॉक्टरीणबाईंना श्रावणाचं उत्तर मी स्वतः देईन.

आणि पुढच्या वर्षीचं मी ठरवून टाकलंय. काकांनाही सांगून झालंय, ते अजून मान हलवतायत, हलवू दे. मूठ येणाऱ्याची घालायची. जो पंगतीला बसणार नाही त्याच्या नावाची चिमूट, देवीला तेवढी कळते. आणि बायकांच्या मुठी मोजायच्या. चाळीस वर्षं मी या घराचे रोट केले आणि खाल्ले, पण त्या पिठात माझ्या नावाची मूठ कधी नव्हती. तुझीही नव्हती, डिंपलचीही नव्हती. आता घालणार. हर्षालीचीसुद्धा, चाचणी असो वा नसो.

तेव्हा पुढच्या श्रावणात तू ये. माझ्या शेजारी बस, बशी घेऊन. आपल्या वाट्याचं आपण खाऊ आणि पोट भरलं की उठू.

तुझी
अक्का